वर्षश्राद्धाची स्मरणिका: कारखान्यात आयुष्य गेलेल्या आजोबांबद्दल काय लिहावे?

प्रश्न: नातू, जळगाव

आमच्या आजोबांना घरात आणि कारखान्यात सगळेच ‘आबा’ म्हणत. येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास त्यांना जाऊन वर्ष होईल. त्या निमित्ताने छोटी स्मरणिका काढायचे घरात ठरले असून लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

आबांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षे कापडगिरणीत नोकरी केली आणि मग जळगावात दोन लेथ व एक शेपर (धातू कातण्याची व तासण्याची यंत्रे) एवढ्यावर स्वतःचा कारखाना उभा केला. दिवाळीनंतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, रोलरची, सुऱ्यांची, शाफ्टची (फिरत्या दांड्यांची) कामे आणि जिनिंगचा हंगाम ओसरला की यावल-रावेरकडचे पंप, अशी त्यांची वर्षे गेली. चार भावंडांची लग्ने, पुतण्यांची शिक्षणे, गावाकडच्या घराची डागडुजी, हे सगळे त्याच कारखान्याच्या जिवावर झाले.

घरच्यांचे म्हणणे असे की पदे, सत्कार आणि छायाचित्रे द्यावीत आणि थांबावे. मला मात्र त्यांच्या कपाटात तेलाचे डाग पडलेल्या खिशातल्या वह्या सापडल्या आहेत. त्यांतली एक नोंद अशी आहे: ‘बुश अठरा परत. बोअर जास्त झाला. चूक आपली, भाडे आपले.’ सत्काराच्या कुठल्याही मानपत्रापेक्षा मला या ओळीत आबा जास्त दिसतात. बुश म्हणजे शाफ्टवर बसणारी धातूची नळी आणि बोअर म्हणजे तिच्या आतले भोक, पण असली नोंद बिगर-इंजिनिअर नातेवाइकांना कळेल का? आणि दुसरे, धाकट्या आजोबांशी झालेली वाटणी आणि त्यानंतर अनेक वर्षे चाललेला अबोला लिहावा की वगळावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १: निवृत्त टर्नर, भुसावळ

आपण ती नोंद जरूर छापा, पण तिच्या आधी काम समजावून सांगा. जिनिंगच्या गावात जन्म घेऊनही आजच्या मुलांनी जिन आतून पाहिलेला नसतो. दुहेरी रोलरच्या जिनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले रोलर फिरतात, त्यांच्यावरच्या तिरप्या खाचा कापसाचे तंतू ओढून घेतात, रोलरला टेकलेली स्थिर सुरी सरकीला आत जाऊ देत नाही आणि हलती सुरी टोले देऊन सरकी खाली पाडते. रोलर झिजला की खाचा बुजतात, रुई कमी निघते. सुरी चुकीची बसली तर सरकी फुटून तिचे तुकडे रुईत जातात आणि मालाचा भाव पडतो. दाब जास्त झाला तर रोलर तापतो, आणि जिनिंगमध्ये तापणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून हंगामात बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना रात्रीतून रोलरला नव्या खाचा पाडून देणाऱ्या माणसाची किंमत काय असते, हे एवढे सांगितल्यावर वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

अठरा बुश परत घेणे हीदेखील साधी गोष्ट नाही. बोअर कमी असेल तर पुन्हा लेथवर चढवून दुरुस्त करता येतो, पण जास्त झाला की तो तुकडा भंगारात जातो. धातू गेला, मजुरी गेली आणि वर गाडीभाडे. मी अशी माणसे पाहिली आहेत जी अशा वेळी शाफ्टलाच दोष देत.

आमचे मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि आवाजावरून बेअरिंग किती दिवस चालेल ते सांगत. आपल्या आबांची अशी एखादी लकब असणारच. ती जुन्या कामगारांना विचारा, घरच्यांना नव्हे. आणखी एक, क्रोम चामड्याच्या (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या) रोलरची धूळ आरोग्याला घातक असते. त्या काळी याबद्दल फारसे कुणी बोलत नसे. आबांनी कामगारांसाठी याबाबतीत काही केले असेल, किंवा केले नसेल, तर तेही लिहावे असे माझे मत आहे.

उत्तर २: वाचक, धुळे

वाटणीबद्दल लिहिते, कारण त्या प्रश्नावर आपण अडला आहात. सर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक आमच्या पांझरा नदीवरचे, दातर्तीजवळ पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाच्या वक्रनलिकेचे (सायफनचे). पावसाळ्यात काम अडू लागले तेव्हा त्यांनी ते पुढे ढकलण्याची विनंती केली होती आणि त्यावर वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली होती, हे त्यांनी उतारवयात स्वतः सांगितले आहे. पुढे १९५५ मध्ये ज्यांना भारतरत्न मिळाले, त्यांना तरुणपणीचा हा प्रसंग लपवावासा वाटला नाही. आपल्या आबांनीही ‘चूक आपली’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे. मग वाटणीचे चार शब्द वगळून स्मरणिकेतल्या आबांना आपण खऱ्या आबांहून वेगळे का करावे?

मात्र धाकटे आजोबा हयात असतील तर तो मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत घ्या. तेवढा मान त्यांचा आहे.

आपल्या संपूर्ण प्रश्नात आजींचा उल्लेख एकदाही नाही, हे मला खटकले. दोन लेथच्या कारखान्यात पगार उशिरा झाला तर कामगारांच्या घरी पीठ कुणी पाठवले, उमेदवार पोरे दुपारी कुणाच्या ओट्यावर जेवली, उधारीचे तगादे दारात कुणी ऐकून घेतले? आत्यांनाही विचारा. ज्या कर्त्या पुरुषाने पुतण्यांना शिकवले, त्याने मुलींना किती शिकू दिले, हा प्रश्न अवघड आहे, पण त्याच्या उत्तराशिवाय कुटुंबप्रमुखाचे चित्र अर्धेच राहील.

उत्तर ३: केळी उत्पादक, रावेर

वरील दोघांशी सहमत आहे. माझी भर एवढीच की पंपाच्या गिऱ्हाइकांकडे प्रत्यक्ष जावे. केळीचे पीक वर्षभर शेतात उभे असते आणि वैशाखात पंप बंद पडला तर चार-आठ दिवसांत बागेची मान खाली जाते. आमच्या भागात पाणी खोल खोल जात राहिले, विहिरींत आडवे-उभे बोअर झाले, तसे पंपही बदलत गेले आणि ते दुरुस्त करणाऱ्याला दर काही वर्षांनी नव्याने शिकावे लागले. माझ्या वडिलांच्या विहिरीवर असेच एक मिस्त्री कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत बसले होते. ते आपले आबा होते की दुसरे कुणी, हे सांगता येणार नाही, परंतु वडिलांनी त्यानंतर प्रत्येक बागेचा पहिला घड त्यांच्याकडे पाठवला. अशा आठवणी लोकांच्या घरोघरी आहेत; त्या पत्राने येत नाहीत, ओट्यावर जाऊन बसावे लागते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: नातू, जळगाव

आपणा तिघांचेही मनापासून आभार. आजींबद्दलची सूचना वाचून मी वरमलो आणि त्याच रात्री थोरल्या आत्यांना फोन केला. त्यांना गणितात गोडी होती, इंजिनिअरिंगला जायचे होते, आणि आबांनी नाही म्हटले होते. हे मला आजवर ठाऊक नव्हते. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “लिही. पण हेही लिही की माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ते स्वतः रांगेत उभे होते, आणि परत येताना बसमध्ये मला म्हणाले, तेव्हा मी चुकलो.”

वह्यांतली हिशोबाची पाने आबांच्या अक्षरात नाहीत, ती आजींच्या अक्षरात आहेत, हेही आत्यांनीच दाखवून दिले. अठरा बुशांच्या नोंदीखाली गाडीभाड्याची रक्कम आहे, ती त्यांच्या हातची. धाकट्या आजोबांकडे रविवारी जात आहे. वही सोबत नेणार आहे.