खालच्या काकूंच्या छतातून थेंब पडतात, गळती नक्की कुठली? (नेरूळ)

प्रश्न:
नमस्कार. नेरूळला 1990 च्या आसपास बांधलेल्या चार मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. महिन्याभरापासून खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. आधी पोपडे आले, आता थेंब पडतात. काकू सत्तरीच्या, एकट्या. बादली ठेवून आंघोळ करतात आणि मला एका शब्दाने बोलत नाहीत, त्याचंच जास्त लागतं. एप्रिल आहे, पावसाचं पाणी नक्की नाही. एका प्लंबरने लाद्यांच्या फटींत व्हाइट सिमेंट भरलं, काही फरक नाही. दुसरा म्हणतो सगळी लादी उखडून वॉटरप्रूफिंग करा, चाळीस हजार. पाइप जीआयचे, भिंतीत गाडलेले. तोडफोडीआधी काही तपासता येतं का?

उत्तर 1:
डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या जागेतला, सामायिक पाइप असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतलं असेल तर तुमचा. कमिटीला लेखी कळवून पोच घ्या.

उत्तर 2:
ताई, तीस वर्षं वाशी-नेरूळात प्लंबिंग केलंय. अजून लादीला हात लावू देऊ नका.

सगळ्यात आधी काकूंच्या बाथरूममधला दिवा थेंबांच्या जवळ असेल तर त्याचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला खटका) पाडा.

मग थेंब मोजा. घड्याळ लावून मिनिटाला किती पडतात ते लिहा. रात्री सगळ्यांची कामं उरकली की गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या बाथरूमला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, घरातले नळ उघडून पाइप रिकामा करा. तास-दोन तासांनी परत मोजा. थेंब कमी होत थांबले तर गळती पाण्याच्या पाइपची. व्हॉल्व्ह चालू असतानाही थेंब फक्त आंघोळीनंतर वाढत असतील तर नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं भांडं) किंवा लादीखालचा ड्रेनेज. दोन्हींचं काम वेगळं, खर्च वेगळा.

तुमच्या इमारतीच्या वयावरून मला पाइपचाच संशय आहे. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवून आटे पाडताना तो थर निघतो, पाइपही तिथेच पातळ होतो. म्हणून गंज आधी जॉइंटला धरतो. मी असे पाइप कापलेत की अर्ध्या इंचीच्या आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली.

प्रश्नकर्ती:
काका, केलं. रात्री साडेदहाला मिनिटाला 14 थेंब. व्हॉल्व्ह बंद केल्यावर साडेबाराला 2, पहाटे एकही नाही. काकूही जाग्या होत्या, दोघींनी मिळून मोजले. गीझरखालच्या दोन टाइल्स काढल्या तर गरम पाण्याचा एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) गंजून लाल झालेला, आट्यांतून पाणी झिरपतंय. एपॉक्सी पुट्टी लावून भागेल का?

उत्तर 2:
नाही. चालू गळतीवर पुट्टीचा भरवसा नाही. आणि नुसता एल्बो बदलायला पाना लावलात की शेजारचा गंजका जॉइंट हलणार. गीझरपासून मिक्सरपर्यंतचा सगळा तुकडा सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) करून घ्या. गरम पाण्याला साधा पांढरा पीव्हीसी अजिबात नको. पाइप सरळ कापून कडेची कीस साफ करायची, पाइपला आणि सॉकेटला (ज्या तोंडात पाइप बसतो त्याला) दोन्हीकडे सोल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं सिमेंट, लावून पाव फेरा देत बसवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. जिथे धातूला जोडाल तिथे पितळी आट्यांचं फिटिंग घ्या, टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायला सांगा. डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, मग पाणी सोडा. आणि भिंत बुजवण्याआधी एक अख्खा दिवस पाणी चालू ठेवून जॉइंटवर कोरडा कागद फिरवून बघा. गवंडी घाई करतो, त्याला थांबवा.

प्रश्नकर्ती:
झालं, आज तिसरा दिवस, कागद कोरडा. काकूंचं छत मला रंगवून द्यायचंय. लगेच चालेल?

उत्तर 2:
लगेच नको. सुटलेले पोपडे खरवडून स्लॅब उघडा ठेवा, पंखा लावा. सळई दिसत असेल तर आधी गवंड्याला दाखवा. पूर्ण वाळलं की पुट्टी आणि रंग, पण पावसाळ्याआधी उरका.