मदत हवी आहे: पडद्याचा रॉड गिट्टीसकट भिंतीतून निघतोय, ब्लाइंड तिरका गुंडाळला जातोय

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, वर थेट गच्ची. बेडरूमची खिडकी पश्चिमेला. सहा फूट रुंद, चार फूट उंच, ॲल्युमिनियमची स्लायडिंग, बाहेरून ग्रिल. या खोलीत माझा धाकटा भाऊ झोपतो. तो चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळीला आहे. सकाळी घरी येऊन नाश्ता करून झोपतो तो चार-पाचपर्यंत. मार्च सरला की तीननंतरचं ऊन थेट त्याच्या पलंगावर येतं. झोप मोडते आणि रात्री परत मशीनवर उभं राहायचं असतं. मला त्याची फार काळजी वाटते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

जाड ब्लॅकआऊट पडदे शिवून घेतले. एक इंची स्टीलचा पाईप, दोन टोकांना दोन ब्रॅकेट. पडदा उंच दिसतो म्हणून बसवणाऱ्याने खिडकीच्या वर फूटभर अंतर सोडून ब्रॅकेट मारले. थोड्याच दिवसांत डावीकडचा ब्रॅकेट स्क्रू, गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा खुंटा) आणि प्लास्टरच्या खपलीसकट हातात आला. त्याच भोकात मोठी गिट्टी ठोकली तर तीही नुसती गोल फिरते. आता तिथे अंगठा जाईल एवढं भगदाड आहे. सध्या आईने ग्रिलला चादर बांधलीय. अंधार होतो, पण वारा पूर्ण बंद.

दुसरं म्हणजे हॉलमधला रोलर ब्लाइंड. वर गुंडाळताना कापड उजवीकडे सरकत जातं आणि कड ब्रॅकेटला घासून धागे निघालेत. साखळीही मध्येच घसरते.

भिंत कच्ची आहे का? पाईप बदलू की जागा? बेडरूमला पडद्याऐवजी ब्लाइंडच लावावा का?

बांधकामवाला

ताई, पाईपचं नंतर बघू. आधी सांगा, ड्रिल मारताना भुकटी कुठल्या रंगाची पडली?

जुळेसोलापूरकर

पांढरट करडी, पिठासारखी मऊ. ड्रिल जराही जोर न लावता आत गेलं.

बांधकामवाला

मग तुमची भिंत कच्ची नाही, एएसी ब्लॉकची आहे. या ब्लॉकच्या पोटात हवेची बारीक छिद्रं असतात, म्हणून तो हलका. साधी गिट्टी स्क्रू आत गेल्यावर फुगते आणि भोकाच्या भिंतीला दाबून बसते. ब्लॉकमध्ये ती फुगली की आजूबाजूचा मालच चुरतो. त्यात ड्रिल हॅमरवर, म्हणजे फिरताना ठोकेही देणाऱ्या सेटिंगवर, ठेवून मारलं असेल तर भोक आधीच सैल झालेलं असतं. लाल भुकटी पडली की वीट समजायची, तिथे साधी गिट्टी चालते. राखाडी भुकटी, ड्रिल अडखळतंय, हाताला हादरे बसताहेत, तर काँक्रीट. माझं सगळ्यांनाच सांगणं आहे, गिट्टी विकत आणण्याआधी एक बारीक भोक पाडून भुकटी बघा.

अजून एक. आतल्या प्लास्टरची जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते. गिट्टी आखूड असेल तर तिचा निम्मा भाग प्लास्टरमध्येच राहतो, आणि प्लास्टर काही धरत नाही. शिवाय पाईप भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो. पडदा ओढला की ब्रॅकेट खाली झुकतो आणि वरचा स्क्रू बाहेर उपटला जातो. तुमची खपली निघाली ती त्यामुळेच.

आता जागा. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचं लिंटेल असतं, बहुतेक घरांत सहा इंच उंचीचं, आणि दोन्ही बाजूंना भिंतीत साधारण सहा इंच शिरलेलं. तुमचे ब्रॅकेट फूटभर वर गेले म्हणजे लिंटेल सोडून ब्लॉकमध्ये गेले. ते खाली घ्या. खिडकीच्या वरच्या कडेपासून तीन इंचांवर आणि बाजूला चार इंचांच्या आत भोक पाडा. हॅमर चालू, ८ मिलिमीटरचा काँक्रीटचा बिट, ८ ची गिट्टी, दोन इंची स्क्रू. भोक गिट्टीपेक्षा अर्धा इंच खोल ठेवा आणि फुंकून भुकटी काढून टाका. बिट मध्येच अडून कर्कश आवाज आला तर सळई लागली. जोर लावू नका, इंचभर सरका. तीन इंच म्हणजे लिंटेलचा मध्य, सळया खालच्या आणि वरच्या कडेजवळ असतात, म्हणून मधेच पाडायचं. आसपास एसीचा पॉइंट किंवा स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, भिंतीतली वायर तिथूनच जाते.

पडदा उंचच हवा असेल तर भिंतीवर आडवी लाकडी पट्टी मारा, चार इंच रुंद, पाऊण-एक इंच जाड. तिला सात-आठ ठिकाणी ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉन गिट्ट्या द्या आणि ब्रॅकेट पट्टीवर बसवा. वजन वाटलं जातं. ब्लॉकमध्ये भोक पाडताना हॅमर बंद.

जुनं भगदाड पुट्टीने भरून त्यातच परत स्क्रू मारू नका. सुटा माल खरवडा, पाणी मारा, सिमेंट-वाळूने भरा आणि ती जागा सोडून द्या.

दक्षिण_कसबा

आमचं जुनं घर, दगड आणि पांढऱ्या मातीची दीड हात जाड भिंत. ड्रिल मारलं की कधी दगड लागतो, कधी नुसती माती गळते. आमच्याकडे सुताराने सांध्यातली माती कोरून सागवानी ठोकळा सिमेंटमध्ये बसवला आणि त्यावर स्क्रू मारला. त्यावर जाड पडदे आहेत, अजून हललेले नाहीत. ज्यांची घरं पेठांमध्ये आहेत त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

शिवणघर

मी पडदे आणि ब्लाइंड दोन्हीचं काम करते. ताई, भावाला दिवसा झोपायचं आहे तर बेडरूमला पडदाच ठेवा. रोलर ब्लाइंडचं कापड नळीपेक्षा रुंद नसतं, दोन्ही कडांना ब्रॅकेट आणि साखळीपुरती फट राहतेच. दुपारी त्या फटीतून उजेडाची उभी रेघ नेमकी डोळ्यांवर येते.

तुमचा पाईप लिंटेलच्या ब्रॅकेटबाहेर दोन्हीकडे चार-पाच इंच पुढे येऊ द्या. पडद्याची शेवटची रिंग ब्रॅकेटच्या बाहेर घाला, बाकीच्या आत. म्हणजे पडद्याची कड तिथेच राहते आणि बाजूचा उजेड अडतो. सहा फुटांना मधला ब्रॅकेट हवाच, नाहीतर जाड कापडाने पाईपला झोळ येतो. मधला ब्रॅकेट रिंगा अडवतो खरा, पण तुम्ही दोन पडदे मध्यावर मिटणारे केले की अडचण राहत नाही.

हॉलच्या ब्लाइंडचं ऐका. आधी दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते बघा. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी असेल तर उत्तम. पातळी बरोबर असूनही कापड उजवीकडे सरकत असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा. वरची नळी दिसू लागली की तिच्या डाव्या टोकाला कागदी टेपचा दोन-तीन इंचांचा तुकडा चिकटवा आणि गुंडाळून बघा. कापड जाड बाजूकडे ओढलं जातं, म्हणून सरकतंय त्याच्या उलट बाजूला टेप. कमी पडलं तर त्यावर अजून एक थर. धागे निघालेली कड सरळ कापून घ्या, ओढत बसू नका.

साखळी घसरते ती बहुतेक वेळा धुळीमुळे. साखळीकडचा प्लास्टिकचा भाग काढून ब्रशने साफ करा. तेल अजिबात घालू नका, आपल्याकडची धूळ त्यावर बसून आणखी घट्ट होते. साफ करूनही घसरली तर आतले दाते झिजलेत, तेवढाच भाग बदलून मिळतो.

होटगीरोड

एक मुद्दा राहिला. ऊन काचेतून आत आलं की मग तुम्ही कितीही जाड पडदा लावा, काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते आणि तीच खोलीत उतरते. पश्चिमेला छज्जाचाही उपयोग थोडाच, कारण चारनंतर सूर्य खाली आलेला असतो. म्हणून बाहेरून अडवा. ग्रिलच्या बाहेर बांबूची चिक सोडा, वारा येत राहतो आणि काच तापत नाही. आपली हवा कोरडी असल्याने एप्रिल-मेमध्ये वाळ्याचा पडदा भिजवला तर वारा चांगलाच गार होतो. खालची टोकं ग्रिलला बांधायला विसरू नका, वळवाच्या वाऱ्यात चिक आपटून फाटते.

जुळेसोलापूरकर

बांधकामवाला दादा, लिंटेलमध्येच बसलं. भाऊ सुट्टीवर होता, त्यानेच ड्रिल मारलं. उजवीकडे सळई लागली, इंचभर सरकून दुसरं भोक पाडलं. भुकटी राखाडीच पडली. मधला ब्रॅकेटही मारला, पडदा जोरात ओढून पाहिला, जागचा हलला नाही. हॉलच्या ब्लाइंडला टेपचे दोन थर लागले, आता सरळ गुंडाळला जातो. शिवणघर ताई, तुमचे फार आभार. चिकेचं माप घेतलंय.

एकच विचारायचं राहिलं. हॉलच्या ब्लाइंडची साखळी सोफ्यापर्यंत लोंबते आणि बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा सुट्टीत येणार आहे. ती नुसती वर गुंडाळून ठेवली तर चालेल?

शिवणघर

नाही ताई, गुंडाळलेली साखळी सुटते आणि तिचा फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. ब्लाइंडच्या दुकानात साखळी ताणून धरणारी क्लिप मिळते, ती भिंतीला स्क्रूने मारून साखळी ताठ करा, लोंबता फासच राहत नाही. तुमची भिंत ब्लॉकची, म्हणून तिथेही लांब गिट्टी. सोफा खिडकीपासून बाजूला घ्या, आणि मुलगा यायच्या आधी हे करून टाका.