काळे की काले? दवाखान्याच्या खिडकीवरचे अनुभव सांगा (इंदूरकर, या!)

राजवाड्याची सून:
गॅसवर दूध होतं आणि पुतण्याचा फोन. "काकू, आजीचं आयुष्मान कार्ड कुठंय? दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली." दूध गेलं उतू, आणि मला पहिल्या डोळ्याचा तो अख्खा मे महिना आठवला.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, कमाई न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं हे सरकारी कार्ड मिळायला लागलं. सासूबाई ७८ च्या. निघालो. अंगठा लावा. नाही आला. दुसरा लावा. नाही आला. पन्नास वर्षं पाट्यावर वाटण केलं, राखेनं भांडी घासली, रेघा राहतील कुठून? कार्ड काढणारा मुलगा म्हणाला, "माताजी की आँख स्कॅन कर लेते हैं." अरे बाबा, त्या डोळ्यासाठीच तर आलोय! मग ओटीपी. तर आधारला नंबर सासऱ्यांचा जोडलेला, आणि त्यांना जाऊन तीन वर्षं झालेली.

ते सगळं निस्तरून दवाखान्यात पोचलो. मी पाण्याची बाटली भरायला गेले तेवढ्यात खिडकीवरून हाका, "काले! काले बाई!" सासूबाई ढिम्म. नंबर गेला पुढे. मी विचारलं, अहो उठला का नाहीत? तर म्हणाल्या, "रंगावरून हाक मारतो मेला, मी कशाला उठू?"

तुमचेही किस्से लिहा. मी कार्ड शोधते.

पोहे_जीरावन:
काकू 😂😂 आम्ही गोळे. पर्चीवर गोले, आधारवर गोला. विम्यावाल्यानं विचारलं ये तीन आदमी कौन हैं

लोकमान्यनगर आजोबा:
सौ. सूनबाई, छान लिहिलंत. दोन गोष्टी सांगतो, लोक गोंधळतात. या कार्डावर रोजची बीपीची गोळी मिळत नाही, भरती व्हावं लागतं. आणि नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नव्हे. आमच्या हिने लगेच हिशेब मांडला की तुमचा गुडघा आधी की माझा.

मी सेंट्रलचा पेन्शनर. सीजीएचएस, म्हणजे केंद्राच्या नोकरदार-पेन्शनरांची आरोग्य योजना, किंवा हे, एकच निवडायचं. मी जुनंच ठेवलं. सवय.

चिमणी:
आजोबा कुणाचा गुडघा ठरला?

लोकमान्यनगर आजोबा:
अजून बोलणी चालू आहेत.

सुदामानगरची मेधा:
माझा अनुभव दुभाष्याचा आहे. आई मिरजेची, लग्न होऊन इथे आली, चाळीस वर्षं झाली. भाजीवाल्याशी फर्डं हिंदी, पण दुखलं की मराठीच. डॉक्टरांनी विचारलं, "क्या तकलीफ है?" आई म्हणाली, "पायाला मुंग्या येतात." मी घाईत बोलून गेले, "पैर में चींटियाँ आती हैं." ते मान खाली घालून लिहीत होते, तसेच म्हणाले, "तो बिस्तर धूप में डालिए ना." मी हसायला लागले, आई माझ्यावर चिडली, बाहेरच्या लाइनीतले लोक दारातून डोकावायला लागले. मग सुचलं, झुनझुनी! तेव्हा कुठे शुगरची जांच लिहिली. निघाली पण. २८०.

पण सगळ्याला शब्द सापडत नाही हो. ठणकतंय आणि सलतंय यात फरक आहे ना? कळ येते वेगळी, चमक निघते वेगळी. मी सगळ्याला "दर्द" म्हणते आणि आई शेजारून "तसं नाही गं" म्हणत राहते. "कसंतरी होतंय" याचं हिंदी कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या मंगळवारी लागणार आहे.

पोहे_जीरावन:
"कैसा कैसा हो रिया है"

सुदामानगरची मेधा:
भिया हे चालेल 👍

रात्रपाळी:
मी १८१ वर, म्हणजे आपल्या एमपीच्या सीएम हेल्पलाइनवर, तक्रार केली होती. बाबांची सोनोग्राफी तीनदा पुढे ढकलली, मशीन बंद, डॉक्टर सुट्टीवर, मग पुन्हा मशीन. दवाखान्याचं नाव घेत नाही. गंमत अशी की सोनोग्राफीचा फोन एकदाही आला नाही पण तक्रार "बंद करवा दो" म्हणून पाच फोन आले. एक साहेब तर फारच गोड बोलले, बाबूजी कैसे हैं वगैरे. मी म्हटलं आधी मशीन सुरू करवा दो. चौथ्या दिवशी झाली. तक्रार त्यानंतरच बंद केली, आधी नाही. हे लक्षात ठेवा सगळ्यांनी.

चिमणी:
बरोब्बर. आमच्या इथे ड्रेनेजचं पण सेम झालं, चेंबर उघडं आणि फोनवर म्हणे काम पूर्ण. फोटो टाकते थांबा
नाही होत अपलोड

विंचूरकर_म:
ळ वर मी पण हसलो. पण एक सांगतो. वडील भरती होते तेव्हा शेजारच्या खाटेवर झाबुआकडची एक बाई होती, नातू तापानं फणफणलेला. तिला भिली सोडून काही येत नव्हतं. इंदूरला झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून रोज माणसं येतात, तरी त्या वॉर्डात तिचं कळणारं कुणी नाही. सिस्टर ओरडून हिंदीत सांगायची, मोठ्यानं बोललं की समजतं असं वाटत असावं. बाई कागद उलटा धरून मान हलवायची. औषध दिवसातून तीनदा होतं, तिनं एकदाच दिलं. रात्री खालच्या चहाच्या टपरीवर एक धारचा पोरगा भेटला, त्याला वर घेऊन आलो. त्यानं तिच्या बांगड्या मोजून दाखवल्या, सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. बाटली दिली की एक बांगडी वर सरकवायची.

सकाळी बघितलं तर पहिली बांगडी कोपराशी.

राजवाड्याची सून:
वाचून हात थांबला. पोराला बरं वाटलं का?

विंचूरकर_म:
सहाव्या दिवशी सुट्टी झाली. जाताना आमच्या बाबांच्या उशाशी दोन मक्याची कणसं ठेवून गेली.

नवीन_सदस्य:
रामबागेत रविवारी उघडा असणारा दातांचा डॉक्टर आहे का कुणी? अर्जंट

लोकमान्यनगर आजोबा:
लवंग धरा तोवर.

चिमणी:
काकू कार्ड सापडलं का

राजवाड्याची सून:
सापडलं! पुरणयंत्राच्या खोक्यात, होळीला बघितलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं. आता पुतण्या म्हणतोय ओटीपी येईल तो सांगा. नंबर ह्यांचा जोडलाय आणि हे सांवेरला गेलेत, फोन चार्जिंगला इथेच.

वाजला. थांबा.