लाँग ॲक्शन मॅग्नमला हलकं मॅगझिन: पॉलिमर, पोलादी, की सुटं मॅगझिनच नको?

कृष्णाकाठ, कराड
भाचा न्यूझीलंडला असतो. तिथे संवर्धन खात्याचा परवाना काढून डोंगरात ताहर (डोंगरी रानबकरा) आणि रेड डिअरची शिकार करता येते. रायफल रेमिंग्टन ७००, लाँग ॲक्शन (म्हणजे लांब काडतुसांसाठीची यंत्रणा), काडतूस ३०० विंचेस्टर मॅग्नम. खाली एआयसीएस धर्तीचं (ॲक्युरसी इंटरनॅशनलच्या नमुन्याचं, सुटं निघणारं) पाच राउंडचं, म्हणजे पाच काडतुसांचं, पोलादी मॅगझिन. ते जड तर आहेच, शिवाय इतकं खाली उतरतं की रायफलचा तोल जिथे येतो नेमकी तिथेच मूठ बसत नाही. माझ्या मते पोलाद सोडावं आणि मॅगपुलचं पॉलिमरचं घ्यावं. पटतंय का?

माजी आर्मरर, अपशिंगे
दादा, आधी खोक्यावरचा शब्द नीट वाचा. मॅगपुलच्या लाँग ॲक्शनमध्ये ‘स्टँडर्ड’ आणि ‘मॅग्नम’ अशी दोन वेगळी मॅगझिन येतात. ३०-०६ हे साधं काडतूस आणि ३०० विन मॅग (तुमचं मॅग्नम) यांची कमाल लांबी एकच, ८४.८४ मि.मी. म्हणून माणूस फसतो. फरक बुडात आहे: ३०-०६ चं बूड १२ मि.मी., मॅग्नमचा बुडाजवळचा पट्टा १३.५. स्टँडर्डच्या ओठांत (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत) मॅग्नम घुसवला तर राउंड नीट वर येणार नाही.

आणि पोलादाला एवढ्यात मोडीत काढू नका. पत्र्याचा ओठ वाकला तर दिसतो आणि जपून सरळही करता येतो. पॉलिमरचा ओठ वाकत नाही, तडकतो, आणि केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. भरलेलं मॅगझिन दगडावर ओठांकडून पडलं की तपासल्याशिवाय वापरू नये. रिकामं करून ओठ अंगठ्याने हलकेच बाहेर दाबायचा. चीर असेल तर उघडते.

मिरजकर
काका, ओठांचं मान्य, पण वजनाचा हिशेब तुम्ही दोघांनीही अर्धाच मांडलात. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नुसती गोळी ११.६६ ग्रॅमची. पितळी केस, दारू, ती पेटवणारा प्रायमर धरून अख्खा राउंड साधारण ३२ ग्रॅम. पाच म्हणजे १६० ग्रॅम! मॅगझिनचं अंग हलकं करून जे वाचेल, त्यात दोन राउंड कमी नेले तर आणखी ६४ ग्रॅमची भर पडते. मॅग्नमने डोंगरात पाच झाडायची वेळ येत असेल तर चूक मॅगझिनची नाही, नेमाची आहे. टिक्का टी३एक्सचं बघा: पॉलिमर, एकेरी रांग, मॅग्नमला तीन राउंड, स्टॉकच्या खाली फारसं येत नाही. ते रेमिंग्टनला बसणार नाही, पण विचार तोच हवा.

वाईकर
मग सुटं मॅगझिन हवंच कशाला? रेमिंग्टन ७०० च्याच बीडीएल प्रकाराला आतलीच पेटी असते, खाली बिजागरीची फ्लोअरप्लेट (उघडणारं तळाचं झाकण). मॅग्नमचे तीन राउंड मावतात. खाली काही लोंबत नाही, मॅगझिन सोडवणारा कॅच झुडपात दबून मॅगझिन दरीत जायची भीती नाही. सुटं हरवलं की हातात एकेक राउंड भरायची रायफल उरते.

कृष्णाकाठ, कराड
पण गाडीत बसताना, कुंपण ओलांडताना सुटं मॅगझिन एका झटक्यात काढता येतं. फ्लोअरप्लेट उघडली की राउंड गवतात सांडतात.

वाईकर
तळहात खाली धरून उघडली की तिन्ही हातात येतात. त्यासाठी बोजा का वाहायचा?

माजी आर्मरर, अपशिंगे
मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं कुणीही समजू नये. चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाशी चढलेला) राउंड तिथेच असतो. आधी मॅगझिन, मग बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये बोट घालून खात्री. हा क्रम मोडायचा नाही.

मॅग्नमचं आणखी एक. धक्क्याने रायफल मागे येते, आतले राउंड जागेवर राहू पाहतात आणि टोकं पुढच्या भिंतीवर आपटतात. मऊ शिशाचं टोक दोन-तीन बारांत चेपतं. भाच्याला सांगा, रेंजवर मॅगझिन पूर्ण भरायचं, दोन बार झाले की उरलेले राउंड काढून टोकं पाहायची. पॉलिमर असो की पोलाद, ही परीक्षा चुकवू नका. त्याआधी घरी डमी (दारू-प्रायमर नसलेले) राउंड भरून बोल्ट सावकाश आणि जोरात, दोन्ही प्रकारे चालवायचा. सावकाश चालवताना शेवटचा राउंड अडला तर संशय स्प्रिंगवर आणि राउंड वर ढकलणाऱ्या फॉलोअरवर.

मिरजकर
आणि मागवायचं ते तिथल्याच पत्त्यावर. इथे मागवून पाठवायचा विचारही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत.

कृष्णाकाठ, कराड
तीन राउंडचं आखूड मॅगझिन त्याच्या बॉटम मेटलला (मॅगझिन जिथे बसतं त्या खालच्या चौकटीला) बसतं का, ते आधी पाहायला सांगतो. नाहीच मिळालं तर पॉलिमर मॅग्नम घ्यायचं आणि भरायचे तीनच.

वाईकर
पाचाच्या मॅगझिनमध्ये तीन भरले तरी ते तेवढंच खाली लोंबणार. तुमची मूळ तक्रार तिथेच राहिली, दादा.