मदत हवी आहे: पिच लिंकचं बेअरिंग मापात बसतंय, पण हाताला अडकतंय

रोटरकन्या:

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एका हँगरमध्ये हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करते. एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यासक्रम झाला आहे, परवान्यासाठी लागणारा अनुभव सुरू आहे. म्हणजे कागदावर सही दुसऱ्याची असते, हात माझे असतात. आमची हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेतात-आणतात, त्यामुळे खारी हवा आमच्या पाचवीला पुजलेली.

गेल्या आठवड्यात टेल रोटरच्या पिच लिंक तपासायच्या होत्या. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायातलं पेडल दाबलं की शेपटीकडच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो आणि हेलिकॉप्टर नाक डावी-उजवीकडे वळवतं. कोन बदलण्याचं ते शेवटचं ढकलणं-ओढणं प्रत्येक पात्याशी एक छोटी दांडी करते, ती पिच लिंक. तिच्या दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंग असतं, त्याला आम्ही रॉड एंड म्हणतो.

मी डायल गेज लावून प्रत्येक रॉड एंडचा प्ले, म्हणजे सैलपणा, मोजला. सगळे आकडे मर्यादेत आले. पण एका लिंकचं टोक सोडवून हाताने फिरवलं तर एका ठिकाणी ते अडकतं. सायकलच्या हबमध्ये वाळूचा खडा गेल्यावर चाक जसं एका जागी किंचित थांबून पुढे जातं, तसं. बाकीच्या लिंक लोण्यासारख्या फिरतात. मी लगेच आमच्या सरांना बोलावलं. त्यांनी फिरवून पाहिलं, त्यांनाही ते जाणवलं, पण म्हणाले की प्ले लिमिटमध्ये आहे, पुढच्या तपासणीला पुन्हा बघू. नोंदीत फक्त प्लेचा आकडा गेला. सर काळजीपूर्वक काम करणारे आहेत, मला बहुतेक सगळं त्यांनीच शिकवलंय, म्हणून ही तक्रार समजू नका. हेलिकॉप्टर मोठ्या तपासणीसाठी आत आहे, अजून काही दिवस उडणार नाही. तेवढाच वेळ माझ्या हातात आहे.

मला हे स्वस्थ बसू देत नाही याचं कारण इंग्लंडमधल्या लेस्टरचा अपघात. २७ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या फुटबॉल मैदानातून उडालेलं एडब्ल्यू१६९ हेलिकॉप्टर काही क्षणांत गरगरत खाली आलं आणि आतले पाचही जण गेले. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला, तो मी बारकाईने वाचला आहे. टेल रोटरच्या कंट्रोल शाफ्टवरचं दुहेरी बेअरिंग आतून झिजून जाम झालं होतं. जाम झाल्यामुळे जो शाफ्ट फिरायला नको तो टेल रोटरबरोबर फिरू लागला, दुसऱ्या टोकाचा नट त्या फिरण्याने उलगडला आणि पेडलचा पात्यांशी संबंधच तुटला. पायलटने लगेच योग्य पेडल दिलं होतं, पण ते पात्यांपर्यंत पोचणारच नव्हतं.

तो भाग वेगळा होता आणि बेअरिंगही वेगळ्या जातीचं, हे मला कळतं. तरी मनात बसलंय ते एवढंच की तिथे बेअरिंग सैल झालं नव्हतं, घट्ट झालं होतं. आणि आम्ही गेज लावून मोजतो तो फक्त सैलपणा. मग अडकणं कुठे मोजतात? ते नाकारण्याचं स्वतंत्र कारण असतं का, की आकडा मर्यादेत असला की विषय संपला? लिंक बदलायची ठरली तर नेमकं काय काय पुन्हा करावं लागतं, हेही अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे, कारण मी अजून हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेलं नाही. आणि सरांचा मान राखून हा विषय पुन्हा कसा काढू?

वाटसरू:

मला विमानातलं कळत नाही, पण बेअरिंग अडकत असेल तर थोडं ग्रीस सोडून बघितलंत का? आमच्या यंत्रमागांवर निम्मे प्रश्न तेवढ्याने सुटतात.

भिंगवाला:

वाटसरू, हेतू चांगला आहे, पण इथे ते अजिबात करू नका. हे बेअरिंग टेफ्लॉनच्या अस्तराचं असेल (बहुतेक आधुनिक रॉड एंड तसेच असतात), तर त्याला वंगण लागत नाही आणि चालतही नाही. तेल-ग्रीस अस्तरात शिरलं की अस्तर लवकर खराब होतं, शिवाय धूळ धरून ठेवतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अडकणं चार दिवस लपतं.

मी पुण्यात विनाविध्वंस तपासणीचं काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. रोटरकन्याताई, चांगल्या टॉर्चने आणि दहापट भिंगाने त्या टोकाची कड बघा. अस्तराचा धागा किंवा पापुद्रा बाहेर आला आहे का? चेंडूभोवती, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या गोळ्याभोवती, काळी भुकटी आहे का? अस्तर एका बाजूने सुटून दुमडलं तर प्ले वाढायच्या आधीच ते अडकायला लागतं, कारण सुटलेला तुकडा फटीत पाचरीसारखा बसतो. म्हणजे गेजचा आकडा चांगला येण्याचं कारण हाच दोष असू शकतो! पोलादी भागांवर तांबूस भुकटी दिसली तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासताहेत असं समजा. तुमच्याकडे खारी हवा आहे, तेव्हा चेंडूवर गंजाचे खड्डेही शोधा. त्या खड्ड्यांच्या कडा अस्तर कापत जातात.

दांडीच्या बाबतीत भेगा जिथे आटे संपतात तिथे आधी शोधायच्या, ताण तिथे साठतो. दांडी पोलादाची असेल तर चुंबकीय कणांची तपासणी, ॲल्युमिनियमची असेल तर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) किंवा एडी करंट (विजेच्या भोवऱ्यांनी तपासणी). पण पेनिट्रंट अस्तर असलेल्या बेअरिंगला लागू द्यायचं नाही, ते शोषलं जातं. काय करायचं हे मॅन्युअल सांगेल, त्याबाहेर जाऊन स्वतःच्या मनाने काही फवारू नका.

ओझरकर:

ताई, मी सैन्याच्या विमानन शाखेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॅन्युअलमध्येच सापडेल असं मला वाटतं, फक्त ते तक्त्यात नसतं. प्लेची मर्यादा तक्त्यात छापलेली असते, म्हणून सगळ्यांची नजर तिथे जाते. बेअरिंग मोकळं, खरखर न होता फिरलं पाहिजे, हे वाक्य बहुतेक वेळा तपासणीच्या सर्वसाधारण परिच्छेदात दडलेलं असतं. प्ले हा आकडा आहे आणि अडकणं ही अवस्था आहे. दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळायच्या असतात. एक पास झाली म्हणून दुसरी माफ होत नाही. तो परिच्छेद शोधा, त्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि सरांकडे जाताना फक्त तो घेऊन जा. "मला असं वाटतं" यापेक्षा "सर, या परिच्छेदात असं लिहिलंय, आपण तो लावायचा का?" हे कोणत्याही चांगल्या इंजिनिअरला खटकत नाही. खटकलंच तरी विचारा. तुमच्या हाताला जे जाणवलं ते त्या हेलिकॉप्टरबद्दल आज कुणाकडेही असलेली सगळ्यात ताजी माहिती आहे.

आता बदलायचं काम. नवीन लिंक हातात आली की आधी तिचा पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि सोबतचं रिलीज प्रमाणपत्र ताडून बघा. पार्ट नंबरच्या शेवटचा एक अंक वेगळा असला तर तो वेगळाच भाग असू शकतो. त्या भागावर एखादी एडी (नियामकाचा सक्तीचा सुरक्षा-आदेश) लागू आहे का, तेही त्याच वेळी बघायचं. लिंकची लांबी जुळवता येणारी असेल तर जुनीची लांबी बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून नवीन तंतोतंत तेवढीच करायची. रॉड एंड किती आत गेलाय हे बघायला दांडीला बारीक भोक असतं. त्यात तार घालून बघायची, तार आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत. बोल्टचं डोकं कोणत्या बाजूला, वॉशर किती आणि कुठे, हे जुनं काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

नटबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माणसं तिथेच गेली आहेत. ७ डिसेंबर २०११ ला अमेरिकेत लास वेगासजवळ पर्यटकांना घेऊन निघालेलं एएस३५० हेलिकॉप्टर पडलं, पायलटसह पाच जण गेले. मुख्य रोटरचा एक सर्वो (पात्यांचा कोन बदलणारा हायड्रॉलिक दट्ट्या) आदल्या दिवशी बदलला होता. अमेरिकेच्या तपास मंडळाचा निष्कर्ष असा, की त्या जोडणीत झिजलेला सेल्फ-लॉकिंग (आपणहून घट्ट राहणारा) नट पुन्हा वापरला गेला आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुपदरी पिन) एकतर बसवलीच नव्हती किंवा नीट बसवली नव्हती. नट सुटला, बोल्ट बाहेर आला, सर्वोचा संबंध तुटला. काम करणारा आणि तपासणारा, दोघांच्याही थकव्याची नोंद अहवालात आहे. तेव्हा सेल्फ-लॉकिंग नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला तर तो नट तिथल्या तिथे बाद. मॅन्युअल नवीनच घाला म्हणत असेल तर प्रश्नच नाही. स्प्लिट पिन तर कधीच पुन्हा वापरायची नाही.

आणि डुप्लिकेट इन्स्पेक्शन. फ्लाइट कंट्रोलला हात लागला की दुसऱ्या अधिकृत माणसाने ते काम स्वतंत्रपणे तपासायचं, हा नियम आपल्याकडेही आहे. स्वतंत्रपणे म्हणजे त्याने स्वतः आरसा-टॉर्च घेऊन पिन पाहायची, पेडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून पाती योग्य दिशेने आणि पूर्ण फिरताहेत हे डोळ्यांनी बघायचं. पहिल्याने सांगितलं "झालं" म्हणून केलेली सही ही तपासणी नव्हे. हे मी फार मनापासून सांगतोय.

आपल्या देशातलंही विसरू नका. ८ मार्च २०२३ ला नौदलाचं ध्रुव हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात उतरवावं लागलं, तिघं वाचले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला तटरक्षक दलाचं ध्रुव कोचीला पडलं. पुढे कलेक्टिव्हच्या (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणाऱ्या कंट्रोलच्या) कंट्रोल रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूऐवजी पोलादाच्या केल्या गेल्या. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुवमधले तिघं गेले, तेव्हा स्वॉशप्लेट (पायलटचं कंट्रोल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी) तुटलेली सापडली आणि तीनशेहून जास्त ध्रुव जमिनीवर थांबवली. दोन इंजिनं असतात, हायड्रॉलिकही दुहेरी असतं. पण स्वॉशप्लेट एकच आणि प्रत्येक पात्याला पिच लिंकही एकच. तिला पर्याय हवेत मिळत नाही. म्हणून या भागांच्या बाबतीत "पुढच्या वेळी बघू" हे वाक्य मला सहन होत नाही.

उत्तरसमुद्र:

मी ॲबर्डीनला ऑफशोअर हेलिकॉप्टरवर काम करतो, मूळचा रत्नागिरीचा. ओझरकरांशी सहमत, दोन गोष्टी जोडतो.

मॅन्युअलमधलं वाक्य संदिग्ध निघालं तर वाद घालत बसू नका. कंपनीच्या तांत्रिक विभागामार्फत उत्पादकाला लेखी प्रश्न पाठवता येतो. सोबत फोटो, भागाचे एकूण तास, आणि तुम्ही वर लिहिलंय तेवढं साधं वर्णन: कोणत्या स्थितीत अडकतं, किती अंशांत. अशा प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा लवकर येतात, कारण उत्पादकालाही दुसरीकडून असंच कुणी कळवलं आहे का हे जाणून घ्यायचं असतं. शिवाय तुमच्या संस्थेत अंतर्गत सुरक्षा-अहवालाची सोय असणारच. ती परवानाधारकांपुरती नसते.

दुसरं, लेस्टरच्या अहवालातला जो भाग लोक कमी वाचतात तो. सेवेतून काढलेले महत्त्वाचे भाग उघडून, तपासून, त्यांची अवस्था मूळ गणिताशी ताडून बघण्याची सक्ती नियमांत नव्हती. भाग काढला, बाद केला, संपलं. आतलं झिजणं कुणी बघितलंच नाही तर पुढचा दोष कसा कळणार? तेव्हा तुमची लिंक निघाली तर ती भंगारात जाऊ देऊ नका, परत पाठवायला लावा.

रोटरकन्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. ओझरकर काका, वाक्य सापडलं! तक्त्याच्या दोन पानं आधी, सर्वसाधारण तपासणीत: फिरवताना अडथळा किंवा खरखर असल्यास बदला. सरांना परिच्छेद दाखवला. त्यांनी उभ्या-उभ्या दोनदा वाचला, लिंक पुन्हा फिरवून बघितली आणि स्वतः भाग बाद केल्याचा लाल टॅग लिहिला. बाकीच्या लिंकही याच परिच्छेदाप्रमाणे पुन्हा बघायला सांगितल्या. त्या ठीक आहेत. भिंगवाला दादा, भिंगाखाली एका बाजूला अस्तराचा पापुद्रा स्पष्ट दिसतो.

नवीन लिंक उद्या बसेल. आमची लिंक ठरावीक लांबीची आहे, त्यामुळे जुळवणी नाही, पण टेल रोटरचं बॅलन्सिंग करायचं आहे. डुप्लिकेट इन्स्पेक्शनला दुसरे इंजिनिअर येणार आहेत आणि मला शेजारी उभं राहून बघायची परवानगी मिळाली आहे. आता फक्त एक सांगा, काढलेली लिंक पाठवायच्या आधी पुसून स्वच्छ करू का? बरीच काळी भुकटी आहे तिच्यावर.

भिंगवाला:

नाही! पुसू नका, धुऊ नका, हवा मारू नका. ती भुकटीच प्रयोगशाळेला आधी हवी असते. अस्तर झिजलं की चेंडू, की गंज, हे तिच्यावरून कळतं. आता ते बेअरिंग उगाच फिरवूनही बघू नका, पापुद्रा जिथे अडकला आहे तिथेच राहू दे. कोणतं टोक पात्याकडे होतं आणि कोणती बाजू बाहेर होती ते टॅगवर लिहा (लिंकवर कोरू नका), स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत एकटीच ठेवा, बोल्ट आणि नट वेगळ्या पिशवीत, आणि आत ओल राहणार नाही एवढं बघा. सोबत तुमचं ते "एका जागी थांबून पुढे जातं" हे वर्णन तुमच्याच शब्दांत लिहून टाका.