वर्षात बायबल संपवायचं, की एका स्तोत्रावर मुक्काम करायचा?

संथवाचक:
वर्षात बायबल संपवण्याच्या वाचनतक्त्यानं वचनाची गोडी जाते, असं माझं स्पष्ट मत. एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायापर्यंत गाडी झोकात. मग निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या, पडदे, पुढे लेवीय हे यज्ञ-नियमांचं पुस्तक. चार दिवस बुडाले की बारा अध्याय तुंबतात आणि नंतर डोळे नुसत्या ओळी ओलांडतात. पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ म्हणून जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा अर्थ पुटपुटणं. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहालाही तेच लावलंय. सिंह शिकार ‘उरकत’ नाही!

स्तोत्र ११९ घ्या. २२ कडवी, प्रत्येकात ८ वचनं. रोज एकच कडवं. आधी मोठ्यानं, मग सावकाश. जिथं शब्द अडेल तिथं थांबा आणि तोच शब्द धरून प्रार्थना करा. शेवटी पाच मिनिटं गप्प. रात्री एक वचन न बघता म्हणून पाहा.

पानोपान:
थांबायचं कुठं हे आपणच ठरवलं, की आवडत्या वचनांचाच खुराक होतो. यिर्मया २९:११ हे आशेचं वचन भिंतीभिंतीवर दिसतं, पण आदल्याच वचनात बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. यिर्मयाचं हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढ बंदिवानांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो’ या फिलिप्पै ४:१३ चं तेच. त्याच्या वरच्या ओळीत उपाशी राहायला शिकल्याचं पौल सांगतो, ते कोण वाचतं?

तक्ता बुडतो तो बांधणी चुकल्यानं. आठवड्याला सहाच दिवस वाचा, सातवा भरपाईला मोकळा ठेवा. रोज जुन्या करारातले तीन अध्याय आणि नव्यातला एक. जुना ३१० दिवसांत होतो, नवा २६०. लेवीय वाचताना सोबत येशूची गोष्ट सांगणारं शुभवर्तमान असलं की दम लागत नाही.

कोरडी_विहीर:
गोडी लागलीच पाहिजे, हे तुम्ही दोघांनीही धरून चाललंय. यिर्मया १५:१६ मध्ये संदेष्टा वचनं खातो, ती त्याचा आनंद होतात. दोनच वचनं पुढे तो देवाला विचारतो, तू मला ऐन वेळी आटणारा फसवा ओढा होणार का? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. कोरड्या दिवसांत असली स्तोत्रं वगळून ‘उत्साहवर्धक’ शोधत बसलं, की वाचणाऱ्याला आपलीच श्रद्धा खोटी वाटायला लागते. त्या दिवशी ८८ म्हणा, मोठ्यानं, आणि तिथंच थांबा. लगेच दिलासा देणाऱ्या स्तोत्र २३कडे धावू नका.

संथवाचक:
८८ मान्य. मात्र यहेज्केल संदेष्ट्याला खायला दिलेल्या गुंडाळीवर विलाप, शोक आणि आकांत लिहिलेला होता, तरी ती तोंडात मधासारखी लागली. गोडी म्हणजे गोड मजकूर नव्हे, एवढंच म्हणतोय.

पानोपान, संदर्भाचं पटलं. निवडलेलं वचन ज्या पुस्तकातलं, ते आधी एका बैठकीत संपवायचं, मग मुक्काम. फिलिप्पैकरांस पत्र ४ अध्याय, १०४ वचनं. मोठ्यानं वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत होतं.

पानोपान:
पत्रांना ठीक. यशयाचे ६६ अध्याय एका बैठकीत कोण बसवणार? तिथं तक्ताच लागतो.

संथवाचक:
यशयासाठी मान्य. लेवीयवर मी अजून अडून आहे.