लघुशंकेत 'शंका' कसली?

मूळ मत
लघुशंका या शब्दात शंका कुठून आली? त्या घटकेला माणसाची पुरती खात्री पटलेली असते! एवढ्याशा कामाला आपण किती पांघरुणं घालतो: परसाकडे, बहिर्दिशेला, एक नंबर, दोन नंबर, 'मोकळा होऊन येतो', आणि हल्ली 'फ्रेश होतो'. घरामागचं परस कधीच गेलं, संडास झोपायच्या खोलीला चिकटला, तरी माणसं परसाकडेच जात राहिली.

आणि पांघरूण टिकतं थोडंच? शौच म्हणजे मुळात शुद्धी. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियमांतला पहिला नियम शौच आहे. आज 'मी रोज शौच पाळतो' म्हणून बघा, लोक काय समजतात! टॉयलेट हा फ्रेंचमध्ये कापडाचा छोटा तुकडा होता, पुढे साजशृंगाराचं टेबल झाला. तोही मळला, म्हणून आपण वॉशरूमवर आलो. सरळ 'संडासला जातो' म्हणावं.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. कपडेही मळतात, म्हणून कुणी उघडं फिरत नाही. भरल्या पानावरून 'जरा आलोच' म्हणून उठणारा बाकीच्यांच्या घासाचा मान राखतो. लपवाछपवी नव्हे, रीत आहे ती.

प्रतिसाद २
मी बालवर्गाला शिकवते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक चिमुरडी करंगळी वर करून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, बोटाला लागलंय. मी फुंकर घातली. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि तिच्या पायाशी थारोळं झालं. तेव्हापासून वर्गात खुणा बंद. 'शू' म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं.

प्रतिसाद ३
बाई, 'शू' तरी कुठं सरळ आहे? लेकराला धरून आई काढते तो आवाज आहे तो! पण सगळ्या पांघरुणांत गोड हेच, हे मात्र खरं.

प्रतिसाद ४
मूळ मताशी सहमत, आणि कळकळीनं सहमत. माझे वडील डॉक्टरांना 'पोट जरा बरं नाही' एवढंच सांगत राहिले. पंधरा दिवस त्यांना डांबरासारखी काळी संडास होत होती. तसा रंग म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव होत असू शकतो. त्यांना अल्सरच निघाला. रक्त चढवावं लागलं.

प्रतिसाद १
वाचून वाईट वाटलं. पण तो दोष शब्दांचा नाही. रंग कसा, किती वेळा, हे डॉक्टरांनी विचारायला हवं होतं. उतारवयात माणसाची जीभ अशा शब्दांना वळत नाही.

प्रतिसाद ४
विचारलं होतं. बाबा म्हणाले, 'सगळं नेहमीसारखंच.' आई शेजारीच बसली होती ना.